तीर्थयात्रेचा इंधनहिशेब

चातुर्मास सरतो, दिवाळी होते, पावसाने धुतलेले रस्ते कोरडे पडतात आणि कोल्हापूर, सांगली, बेळगाव परिसरातील घराघरांतून यात्रेची बोलणी सुरू होतात. कुणाच्या आजींना श्रवणबेळगोळचे दर्शन राहून गेल्याची रुखरुख असते, कुणाच्या मुलांनी मूडबिद्रीचे सहस्रस्तंभ मंदिर केवळ चित्रात पाहिलेले असते. दारात गाडी उभी असते, चालविणारा हात घरचाच असतो. धर्मशाळेत खोली ठरते, बरोबर न्यावयाच्या फराळाची यादी होते, पूजेच्या साहित्याची पिशवी भरली जाते. या सर्व तयारीत एक गोष्ट मात्र बहुधा अंदाजावर सोडली जाते, ती म्हणजे गाडीला किती इंधन लागेल आणि त्याला किती पैसे पडतील.

‘टाकी भरली की झाले’ असे म्हणून निघालेल्या कुटुंबाला या अंदाजाची किंमत तिसऱ्या दिवशी कळते. जमवलेली रक्कम अपेक्षेपेक्षा लवकर संपत आलेली असते. मग एक मुक्काम गाळण्याचे ठरते, दिवसभर थकलेला चालक रात्रीच गाडी परतीच्या रस्त्याला लावतो आणि मागच्या आसनावर वृद्ध माणसे, लेकरे झोपेने पेंगत असतात. दोन-तीन हजारांच्या चुकीच्या आकड्यापायी सगळ्या घराचा जीव रात्रीच्या महामार्गावर टांगणीला लागतो. हिशेबात पिढ्यान्‌पिढ्या वाकबगार असलेल्या समाजाला हे शोभणारे नाही. हा हिशेब अवघडही नाही. त्यासाठी हवीत तीन उत्तरे: अंतर किती, गाडी लिटरमागे किती धावते आणि लिटरचा दर काय. पण ही तिन्ही उत्तरे खरी हवीत.

अंतर: नकाशातले आणि चाकाखालचे

उदाहरणादाखल कोल्हापूरहून निघणारी चार-पाच दिवसांची यात्रा घेऊ. राष्ट्रीय महामार्ग ४८ ने बेळगाव, धारवाड, हुबळी, हावेरी, दावणगेरे, चित्रदुर्ग असे करत हिरियूरपर्यंत जावे, तेथे महामार्ग सोडून हुळियार, तिपटूर, चन्नरायपट्टणमार्गे श्रवणबेळगोळ गाठावे. हे अंतर सुमारे पावणेसहाशे ते सहाशे किलोमीटर भरते. हिशेबाला सहाशे धरावेत. तेथून हासन, सकलेशपूर आणि शिराडी घाट उतरून धर्मस्थळापर्यंत सुमारे १८० किलोमीटर. धर्मस्थळ, वेणूर, मूडबिद्री आणि कारकळ ही चार स्थळे एकमेकांच्या जवळ आहेत, त्यांच्यासाठी ७० किलोमीटर पुरतात. परतीला कारकळहून उडुपी गाठून किनाऱ्याच्या महामार्गाने अंकोल्यापर्यंत यावे, तेथून अरबैल घाट चढून हुबळी आणि पुन्हा कोल्हापूर, असे आणखी सुमारे सहाशे. एकूण १,४५० किलोमीटर झाले.

अनेकांचा हिशेब येथेच थांबतो आणि येथेच चुकतो. नकाशा गावापासून गावापर्यंतचे अंतर सांगतो. धर्मशाळेपासून मंदिरापर्यंतच्या फेऱ्या, चुकलेले वळण, रस्ता बंद असल्याने पडलेला वळसा, वाटेत आठवलेले एखादे नातेवाइकाचे गाव, हुबळीजवळच्या वरूर येथील नवग्रह तीर्थाचे ऐनवेळी ठरलेले दर्शन हे त्यात नसते. म्हणून एकूण अंतरात दहा टक्के वाढ धरण्याची रीत बरी. १,४५० मध्ये १४५ मिळविले की १,५९५ होतात. हिशेब या आकड्यावर मांडावा.

ॲव्हरेज: पत्रकातले आणि आपल्या गाडीचे

गाडी विकत घेताना सांगितलेले ॲव्हरेज हे प्रयोगशाळेतील असते. पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थेत गाडी रुळांवर उभी करून, ठरावीक क्रमाने वेग कमी-जास्त करत ही चाचणी होते. सर्व गाड्या एकाच मापाने मोजता याव्यात हा तिचा हेतू असून तो योग्यच आहे. मात्र त्या चाचणीत घाट नसतो, खड्डे नसतात, समोरून येणारा वारा नसतो आणि पाच माणसांचे सामानही नसते. त्यामुळे पत्रकातील आकडा दोन गाड्यांची तुलना करण्यास उपयोगी, यात्रेचा खर्च काढण्यास निरुपयोगी.

आपल्या गाडीचे खरे ॲव्हरेज काढण्याची जुनी आणि खात्रीची पद्धत म्हणजे टाकी भरून मोजणे. पंपावर नळी आपोआप बंद पडेपर्यंत इंधन भरावे आणि मीटरवरील किलोमीटर लिहून ठेवावेत. तीनशे-चारशे किलोमीटर झाल्यावर, शक्य तो त्याच पंपावर, पुन्हा नळी आपोआप बंद पडेपर्यंतच भरावे. दुसऱ्या वेळी जितके लिटर बसले तितकेच मधल्या प्रवासात जळले. किलोमीटरला त्या लिटरने भागले की ॲव्हरेज मिळाले. एका वेळेवर भरवसा न ठेवता तीन वेळा करून सरासरी घ्यावी. गाडीतील पडद्यावर दिसणारा आकडा सोयीचा असला तरी तो यंत्राचा अंदाज असतो, एकदा अशा मोजणीशी ताडून पाहिला म्हणजे तो किती फुगवून सांगतो याची कल्पना येते.

गावातले आणि महामार्गावरचे ॲव्हरेज मात्र वेगवेगळे लिहावे. सीएनजीच्या गाडीचा हिशेब लिटरमागे न करता किलोमागे करावा लागतो. शिवाय सीएनजी मिळणारे पंप कोणत्या गावांत आहेत हे आधी पाहून ठेवावे आणि काही टप्पे पेट्रोलवरच जातील असे गृहीत धरावे.

प्रत्यक्ष मांडणी

समजा, पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीच्या पत्रकात लिटरमागे २० किलोमीटर लिहिले आहेत. घरी तीन वेळा मोजल्यावर महामार्गावर १७, घाटात व अरुंद रस्त्यांवर १४ आणि गावात १२ असे आकडे आले. पेट्रोलचा दर सरासरी १०४ रुपये धरू.

महामार्गाचे १,१०० किलोमीटर, १७ ने भागता सुमारे ६५ लिटर. घाट व आडरस्त्याचे ३५० किलोमीटर, १४ ने भागता २५ लिटर. गावांतील फेऱ्या व वळसे १४५ किलोमीटर, १२ ने भागता सुमारे १२ लिटर. एकूण १०२ लिटर आणि १०४ रुपये दराने १०,६०८ रुपये.

आता घाईचा हिशेब पाहू. १,४५० किलोमीटर भागिले २०, म्हणजे साडेबहात्तर लिटर आणि ७,५४० रुपये. गाडी तीच, रस्ता तोच, दरही तोच, तरी दोन्ही उत्तरांत ३,०६८ रुपयांचे अंतर आहे. तिसऱ्या दिवशी कमी पडणारे पैसे ते हेच. मर्यादित मिळकतीच्या कुटुंबात ही रक्कम म्हणजे एखाद्या मुक्कामाची खोली आणि दोन वेळचे भोजन असते. खऱ्या हिशेबातही शेवटी पाच टक्के अधिक धरावेत, म्हणजे बेत ११,१३८ रुपयांचा होतो. ते उरले तर उत्तमच.

वेग आणि सूर्यास्त

इंधनखर्च वाढविणारी सर्वांत मोठी गोष्ट चालकाच्या उजव्या पायाखाली असते. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेल्यास हवेचा रोध दीडपटीहून अधिक होतो. इंजिनाला हवेशिवाय इतरही अडथळे पार करावयाचे असल्याने इंधन त्याच प्रमाणात वाढत नाही, तरीही फरक चांगलाच पडतो. वरील गाडी १०० च्या वेगाने लिटरमागे १७ ऐवजी १५ किलोमीटर देऊ लागली असे धरल्यास महामार्गाच्या १,१०० किलोमीटरसाठी ६५ ऐवजी सुमारे ७३ लिटर लागतील. जवळपास नऊशे रुपये अधिक मोजून साऱ्या यात्रेत वाचणारा वेळ पावणेतीन तासांचा, तोही रस्ता सलग मोकळा मिळाला तर.

जैन कुटुंबाच्या प्रवासात या वेगाला एक खास कारण असते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपावयाचे असते आणि भोजनशाळा अजून शंभर किलोमीटर दूर असते. दुपारी चारनंतर गाडीचा वेग नकळत वाढू लागतो तो यासाठीच. हिवाळ्यात दिवस लहान, त्यामुळे घाई अधिक. यावर उपाय एकच, वेळ संध्याकाळी कमावण्याऐवजी पहाटे कमवावा. कोल्हापूरहून श्रवणबेळगोळचा सहाशे किलोमीटरचा पल्ला विश्रांतीसह अकरा-बारा तासांचा आहे. पहाटे पाचला निघालेली गाडी संयमाने चालूनही दिवसाउजेडी पोहोचते, सातला निघालेली गाडी कितीही पळविली तरी धापा टाकत पोहोचते. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर हुबळी-दावणगेरे पट्ट्यात एक मुक्काम करून हा पल्ला दोन दिवसांत विभागावा. नियम पाळण्यासाठी जीव धोक्यात घालावा लागत असेल तर दोष वेळापत्रकाचा समजावा.

हवा, ओझे आणि टप

चाकांतील हवा कमी असली की टायर रस्त्याला अधिक चिकटतो आणि इंजिनाला अधिक ओढावे लागते. निघण्याच्या आदल्या दिवशी, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरील पट्टीत छापलेल्या आकड्याप्रमाणे हवा भरून घ्यावी. गाडी पूर्ण भरलेली असताना किती हवा असावी याचा आकडा त्या पट्टीवर पुष्कळदा वेगळा दिलेला असतो. सुटी चाकी म्हणजेच स्टेपनी तपासण्यास विसरू नये.

ओझ्याचा परिणाम त्या मानाने कमी असतो. सुमारे ४५ किलो वजन वाढले की इंधन एखाद्या टक्क्याने वाढते. टपावरील सामान मात्र फार महाग पडते, कारण ते हवेला थेट आडवे येते. महामार्गाच्या वेगात टपावरची मोठी पेटी दहा टक्के आणि त्याहूनही अधिक इंधन खाऊ शकते. आपल्या उदाहरणात दहा टक्के म्हणजे हजार रुपयांहून जास्त. चार दिवसांसाठी प्रत्येकाने एकच पिशवी न्यावी आणि टप मोकळा ठेवावा, ही बचत सर्वांत सोपी. उभ्या गाडीत वातानुकूलन चालू ठेवून बसल्यास इंजिनाच्या आकारमानानुसार तासाला साधारणपणे अर्धा ते एक लिटर इंधन जळते. दर्शनाच्या रांगेत गेलेल्यांची वाट पाहत दीड तास असे बसण्यापेक्षा झाडाची सावली बरी.

घाटातील एक घातक बचत

शिराडी घाट उतरताना गाडी ‘न्यूट्रल’ करून सोडून देण्याची सवय अनेक जुन्या चालकांना असते. त्यामुळे पेट्रोल वाचते असा समज आहे. कार्ब्युरेटरच्या काळात त्याला काही आधार असेल, आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत तो उलटा ठरतो. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला होणारा इंधनपुरवठा जवळजवळ बंद होतो, चाकेच इंजिनाला फिरवितात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. याहून गंभीर गोष्ट अशी की, इंजिनाची पकड सुटल्याने सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि त्यांचा जोर कमी होतो. घाट ज्या गिअरमध्ये चढावा, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुना नियम सुरक्षेचाही आहे आणि काटकसरीचाही.

दर, सीमा आणि पंप

पेट्रोल व डिझेल वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहेत. केंद्राच्या उत्पादन शुल्कावर प्रत्येक राज्य आपला कर आकारते, त्यामुळे महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या दरांत फरक असतो. १६ जून २०१७ पासून देशभर दररोज सकाळी सहा वाजता दर ठरविण्याची पद्धत आहे. निघण्याच्या दिवशी दोन्ही राज्यांतील दर पाहून टाकी सीमेच्या अलीकडे भरावी की पलीकडे हे ठरवावे. मात्र चाळीस लिटरच्या टाकीवर लिटरमागे दोन रुपयांचा फरक म्हणजे केवळ ऐंशी रुपये. तेवढ्यासाठी दहा किलोमीटर वाकडी वाट करणे किंवा टाकी तळाला जाऊ देणे शहाणपणाचे नाही.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असल्याने ॲव्हरेज काहीसे घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, निव्वळ पेट्रोलसाठी रचना केलेल्या व दहा टक्के मिश्रणाशी जुळवलेल्या चारचाकींमध्ये ही घट सहा ते सात टक्के, तर वीस टक्के मिश्रणाशी जुळवलेल्या चारचाकींमध्ये एक ते दोन टक्के राहील असा अंदाज दिला आहे. गाडी जुनी असेल तर पाच-सहा वर्षांपूर्वीच्या वहीतील ॲव्हरेज आज लागू पडणार नाही, ते नव्याने मोजावे.

पहाटेच्या गारव्यात इंधन अधिक मिळते, या समजुतीत फारसे तथ्य नाही. साठ्याची टाकी जमिनीखाली असते आणि तेथील तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही. शंभर ऐवजी एकशे दहा रुपयांचे भरल्यानेही माप बदलत नाही. यंत्रावर शून्य आकडा पाहावा. शंका आल्यास पंपावर ठेवणे बंधनकारक असलेल्या पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून दाखविण्याची मागणी करावी. तो ग्राहकाचा हक्क आहे.

टोलचा खर्च वेगळा लिहावा. येताना-जाताना मिळणारी सवलत चोवीस तासांच्या आत परतणाऱ्यांसाठी असते, चार दिवसांच्या यात्रेला तिचा उपयोग नाही. वर्षभरात अनेकदा महामार्गावर जाणाऱ्या खासगी गाड्यांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला, तेव्हा तो ३,००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तोवर, असा होता. तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, राज्यांच्या अखत्यारीतील टोलनाक्यांवर चालत नाही.

वाटणी

दोन कुटुंबे एका गाडीतून निघतात तेव्हा खर्चाचा प्रश्न पैशांपेक्षा नाजूक होतो. ‘आपल्यात कसला हिशेब’ असे म्हणत गाडीवाला सारे स्वतः भरतो आणि मनात कुठेतरी ते राहून जाते. बरोबर येणाऱ्याला संकोच वाटतो, पुढच्या यात्रेला तो काही निमित्त काढून टाळतो. विशेषतः मिळकत कमी असलेल्या भावाला, एकट्या राहणाऱ्या आत्याला किंवा मावशीला हा संकोच अधिक असतो. नाती जपण्यासाठीच हिशेब आधी आणि मोकळेपणी व्हावा.

इंधनाबरोबर गाडीची झीजही मोजावी, तिचा पंपावर विसर पडतो. समजा, चार टायर वीस हजारांचे असून चाळीस हजार किलोमीटर चालतात, तर किलोमीटरमागे पन्नास पैसे झाले. दर दहा हजार किलोमीटरला सर्व्हिसिंगचे सहा हजार लागतात, ते साठ पैसे. १,६०० किलोमीटरच्या यात्रेत ही झीज १,७६० रुपयांची होते. इंधनाचे ११,१३८ त्यात मिळविता १२,८९८ रुपये आणि गाडीमालकासह पाच जणांत वाटले असता प्रत्येकी सुमारे २,५८०. टोल याच प्रमाणात वेगळा.

हा आकडा निघण्यापूर्वी सर्वांसमोर आला की प्रत्येकाला आपले ठरविता येते. कुणी आपला वाटा देईल, कुणी वृद्धांचा वाटा आनंदाने उचलेल, कुणी इंधनाऐवजी एका दिवसाचे भोजन पत्करील. वाटा उचलणाऱ्याने तो आधीच आणि शांतपणे उचलावा, पंपावर चारचौघांत पाकीट काढून नव्हे. दोघेच जाणार असतील तर रेल्वे किंवा एसटी स्वस्त पडते, हेही याच आकड्यावरून दिसून येते. श्रवणबेळगोळला बंगळूर-हासन मार्गावर रेल्वेस्थानक आहे. भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी किलोमीटरच्या दराबरोबर दिवसाला किमान किती किलोमीटर आकारले जातात आणि चालकाचा भत्ता किती, हे आधी विचारून घ्यावे.

वहीचे शेवटचे पान

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १०२ लिटरचे २३५ किलो होतात. श्रावकाच्या गुणव्रतांत दिग्व्रताला स्थान आहे, त्यात दिशांना आणि गमनाला मर्यादा घालण्याचा संकल्प असतो. मुनिसंघ आजही सारा विहार पायी करतो. गृहस्थाला ते शक्य नसले तरी चार स्थळांच्या चार वेगळ्या फेऱ्या करण्याऐवजी एकाच वाटेत गुंफलेली यात्रा, मोकळा टप आणि आवरता वेग एवढे त्याच्या हाती नक्कीच आहे. त्यात पैसा वाचतो आणि हिंसाही काही अंशी कमी होते.

श्रवणबेळगोळचा महामस्तकाभिषेक साधारण बारा वर्षांनी होतो. मागील सोहळा २०१८ मध्ये झाला, पुढचा २०३० च्या सुमारास अपेक्षित आहे. त्या वेळी रस्ते, पंप आणि मुक्काम यांवर मोठा ताण येणार हे उघड आहे. ज्या घरांना तेव्हा ज्येष्ठांसह जावयाचे आहे, त्यांनी आताच्या यात्रांपासून एक वही ठेवावी. तारीख, मीटरवरचे किलोमीटर, भरलेले लिटर, दर आणि गाव असे पाच रकाने पुरेत. घरी परतल्यावर ठरविलेला आकडा आणि प्रत्यक्ष झालेला खर्च एकमेकांशेजारी लिहावा. दोन-तीन यात्रांत ही दोन्ही आकडेवारी जवळ येऊ लागते. हे काम घरातील दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवावे. भागाकार पक्का होतो आणि कुणाच्या तरी आजींना न्यावयाचे तर किती रुपये जमवावे लागतात, याची जाणीव त्यांना लहानपणीच होते.